घराचा वरून फोटू

धर्मपाल लाईनमननं तेहतीस वर्षं दर्यापूर तालुक्यातल्या विजेच्या खांबांवर काढली. कमरेला चामड्याचा पट्टा, खिशात पक्कड आणि पायाखाली अख्खं गाव उघडं. खालून चालणाऱ्या माणसाला घराचं दार दिसतं, दारावरची पाटी दिसते, लोखंडी फाटक दिसतं. लाईनमनला छत दिसतं. दारात संगमरवर लावलेल्या डॉक्टरच्या छतावर फुटकं संडासाचं भांडं आणि तीन पायांची खुर्ची. गावभर मिशीला पीळ देत फिरणाऱ्या पुढाऱ्याचं छत गळायचं, म्हणून त्यावर त्याच्याच निवडणुकीचं बॅनर अंथरलेलं, आणि बॅनरवरच्या त्याच्या नाकावर बसलेला कावळा. असलं सगळं धर्मपालनं फुकटात आणि रोज पाहिलं होतं. त्यामुळं कोणी घराचा तोरा सांगायला लागलं की तो तंबाखू चोळत एवढंच विचारायचा, "अन् वरून कसं हाये?"

असा हा कडू तोंडाचा माणूस निवृत्त झाला, चार वर्षांपूर्वी बायको इंदूबाई गेली, आणि तो अकोल्याला मुलाकडं राहायला आला. मुलगा नागसेन एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. मोठ्या उमरीच्या पलीकडं नवं लेआउट पडलं तिथं त्यानं दीड हजार फुटांच्या प्लॉटवर घर बांधलेलं. घर कसलं, नुसता दर्शनी भाग! समोर दगडी टाईल, काचेची खिडकी, रात्री पेटणाऱ्या निळ्या दिव्यांची पट्टी, आणि दोन खांब. ते खांब कशालाच आधार देत नव्हते. धर्मपालनं पहिल्याच दिवशी त्यांवर बोटानं टकटक केलं, ते पोकळ वाजले, आणि तो हसला. नागसेनला ते हसू अजून विसरता आलेलं नव्हतं.

खाली हॉलमधे धर्मपालचा जीव गुदमरायचा. छताखाली आणखी एक खोटं छत, त्यात दिवे. तंबाखू खायची नाही, रेडिओ मोठा लावायचा नाही, सोफ्यावर पाय घ्यायचे नाहीत. सून प्रियदर्शनी वाईट नव्हती, पण तो बसून उठला की लगेच उशी सरळ करायची. मग त्यानं एक दिवस भंगारवाल्याकडून लोखंडी अँगल आणले, टिनं आणली, आणि पासष्टाव्या वर्षी स्वतःच्या हातानं स्लॅबवर दहा बाय बाराची खोली उभी केली. एकएक नटबोल्ट स्वतः आवळला. आत खाट, रेडिओ, इंदूबाईची लोखंडी पेटी, आणि खिळ्याला तो चामड्याचा पट्टा. दाराशी बसलं की अर्धं अकोला दिसायचं, तारा दिसायच्या, खांब दिसायचे, आणि वारा फुकट. तिथं तो मोठ्यानं खोकायचा, मोठ्यानं रेडिओ ऐकायचा, आणि संध्याकाळी पेटीशी दोन गोष्टी बोलायचा. त्या खोलीच्या वाटेला कोणी जाऊ नये, एवढीच त्याची या जगाकडून अपेक्षा उरली होती. बाकी जग गेलं खड्ड्यात.

तीन पावसाळे त्या खोलीनं काढले. भोवतालच्या स्लॅबवर दर पावसाळ्यात शेवाळ धरायचं, उन्हाळ्यात वाळून काळं पडायचं. नागसेन कधी वर यायचाच नाही. त्याचं सगळं लक्ष समोर.

तर झालं असं, की नागसेनचा साडू अश्विन, प्रियदर्शनीच्या थोरल्या बहिणीचा नवरा, अमरावतीला राहायचा. त्यानं बंगला बांधला आणि ड्रोननं त्याचा वरून फोटो काढून दिवाणखान्यात लावला. दोन बाय तीन फुटांची फ्रेम, वर छोटा दिवा. दिवाळीत नागसेन तिथं जाऊन आला आणि त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना.

"बाबा, आपल्या घराचाबी वरून फोटू पाह्यजे," जेवताना तो म्हणाला.

"काहून? घर पळून जाऊन राहिलं का?"

"तसं नाई. अश्विनभाऊनं लावला न."

"त्यानं नाक कापलं तर तू काय करशीन?"

प्रियदर्शनीनं भाजी वाढायच्या निमित्तानं मान खाली घातली. नागसेन मात्र मागं हटणारा नव्हता. हा माणूस अर्जावरच्या शाईवरून भांडणारा. हौस अश्विनची आणि खिसा स्वतःचा, असला त्याचा स्वभाव. फोटो वरून पाहिजे, पण पैसा वर जाता कामा नये.

पहिल्यांदा त्यानं मोबाईलवर नकाशा उघडला. उपग्रहातून काढलेला, फुकटचा. बोटांनी मोठा करत करत तो आपल्या लेआउटवर पोचला, आणि थांबला. तिथं घरच नव्हतं. नकाशा जुना. प्लॉटच्या जागी दोन बाभळी आणि एक काळा ठिपका.

धर्मपालनं चष्मा लावून पाहिलं. "म्हैस हाये ते," तो म्हणाला. "तुह्या आधीपासून राहते इथं. लाव फ्रेम."

मग नागसेननं शाकीबला फोन लावला. शाकीब लग्नाचे फोटो काढायचा, त्याच्याकडं ड्रोन होता. घरी आला, फाटकापासूनच वर पाहिलं, खांबांकडं पाहिलं, आणि आठ हजार म्हणाला. नागसेनचे डोळे पांढरे झाले.

"अहो, एकच फोटू पाह्यजे! लगन नाई माह्या घरी."

"भाऊ, लग्नात तरी जेवायला मिळतं," शाकीब म्हणाला आणि हेल्मेट घातलं.

जिन्यावर बसून धर्मपाल हे ऐकत होता. शाकीबबद्दल त्याच्या मनात क्षणभर आदर निर्माण झाला. फार दिवसांनी कोणाबद्दल तरी झाला होता.

त्यानंतर बांबू आला. नागसेननं कुठून तरी वीस फुटी बांबू पैदा केला, टोकाला रबरांनी आणि चिकटपट्टीनं मोबाईल बांधला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि दोन्ही हातांनी तो उभा धरला. बांबू डुलायला लागला, त्याच्यासोबत वरिष्ठ लिपिकही डुलायला लागले. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. एकानं खुर्ची आणली. पहिला फोटो आकाशाचा आला. दुसरा शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीचा. तिसऱ्यात नागसेनचं डोकं वरून दिसत होतं, आणि टक्कल केवढं पसरलं आहे ते त्याला स्वतःला प्रथमच कळलं. चौथ्या वेळी चिकटपट्टी सुटली आणि मोबाईल नालीत पडला. काचेला अठराशे लागले.

"आठ हजारातून अठराशे गेले," धर्मपाल वरून ओरडला. "आता पुढं?"

एवढं झाल्यावर शहाणा माणूस थांबला असता. पण नागसेनला त्या आठवड्यात आणखी एक अक्कल सुचली, आणि ही मात्र फक्त आमच्या वऱ्हाडातल्या माणसालाच सुचू शकते. त्याच्या कार्यालयात शालू नावाची बाई बचतगटाच्या कामानं यायची. दर्यापूरकडची. गटाला फवारणीचा ड्रोन मिळालेला, तो ती चालवायची. तुरीवर, हरभऱ्यावर फवारत फिरायची आणि एकरी साडेचारशे रुपये घ्यायची. नागसेननं कागद घेतला. एका एकरात त्रेचाळीस हजार पाचशे साठ चौरस फूट. आपला प्लॉट दीड हजाराचा. भागाकार केला. साडेपंधरा रुपये!

"सोळा देऊन टाकू," तो उदारपणानं म्हणाला.

आपल्या पोटचा गोळा हाच का, असं धर्मपालला त्या क्षणी मनापासून वाटलं. इंदूबाई असती तर तिला विचारलं असतं.

त्या रविवारी शालू बॅटऱ्या घ्यायला अकोल्यात आलीच होती. नागसेननं गळ घातली म्हणून मालवाहू ऑटोत तो ड्रोन घालून ती लेआउटात आली. ड्रोन कसला, जनावर! खाटेएवढा, सहा पंखे, पोटाला दहा लिटरची टाकी. शालूनं घराकडं पाहिलं, प्लॉटकडं पाहिलं.

"भाऊ, फवाराचं काय हाये इथं? घराले अळी पडली का?"

"फवाराचं नाई. फोटू काढाचा."

"याले फोटूचा कॅमेरा नाई. वाट पाहाले एक बारका असते, त्याच्यात वावराचा धुरा-बांधबी धड दिसत नाई."

"थोडं वर तर ने, पाहू काय दिसते."

ती बाई अनुभवी होती. दोन वेळा नको म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली, "तुमची मर्जी." पंखे फिरले. लेआउटातली सगळी माती उठली. प्रियदर्शनीनं स्लॅबवर लाल मिरच्या वाळायला घातल्या होत्या, त्या उडाल्या आणि चार घरांवर पडल्या. त्यांचं तिखट हवेत मिसळलं. अर्धं लेआउट खोकायला लागलं. समोरच्या खुर्चीवाल्यानं खुर्ची उचलून घरात नेली आणि दार लावून घेतलं. दोन कुंड्या फुटल्या. नागसेन डोळे चोळत, नाक पुसत, "बस, बस!" करून ओरडत होता.

धर्मपालची टिनाची खोली मात्र थडथडली आणि जागेवर राहिली. एक टीन हललं नाही. तो आत खाटेवर बसून खोकत होता आणि अभिमानानं फुगला होता. माह्या हातचे नटबोल्ट हायेत, असं तो स्वतःशीच म्हणाला.

खाली शालूनं हजार रुपये मागितले.

"एकराच्या हिशेबानं..." नागसेननं कागद पुढं केला.

"तो हिशेब पिकाचा, भाऊ. पंखा फिरला की हजार. अन् खोकला आला त्याचे पैसे म्या मांगितले नाई."

त्या संध्याकाळी नागसेन फुटक्या कुंड्यांची माती भरत होता, तेव्हा धर्मपाल खाली उतरला. खरं तर त्यानं गप्प बसायला पाहिजे होतं. तोंड बंद ठेवलं असतं तर हौस आपोआप विझली असती. पण तेहतीस वर्षं उंचावर काढलेल्या माणसासमोर ही मंडळी उंचीसाठी बांबू आणि फवारे नाचवत होती, आणि ते त्याला सहन होईना. कसबी माणसाला दुसऱ्याचा गबाळेपणा बघवत नाही हेच खरं.

"अबे मूर्खा," तो म्हणाला, "धर्मेंद्र काय करून राहिला आजकाल, माहीत हाये का तुले?"

धर्मेंद्र दर्यापूरला धर्मपालच्या हाताखाली होता. आता अकोल्यात रस्त्यांवरचे दिवे दुरुस्त करणाऱ्या एका ठेकेदाराची शिडीची गाडी चालवायचा. शिडीच्या टोकाला लोखंडी डबा, त्यात माणूस उभा राहतो आणि डबा चाळीस फूट वर जातो. एका कचोरीत आणि कपभर चहात काम.

"हे तुमी आधी काहून नाई सांगितलं?"

"तू इचारलं का? तुले अक्कल फोनात पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी धर्मेंद्र गाडी घेऊन आला. उतरून धर्मपालच्या पाया पडला. वर कोण जाणार, असा प्रश्न आला तेव्हा नागसेननं त्या डब्याकडं पाहिलं, चाळीस फुटांकडं पाहिलं, आणि त्याला एकदम कार्यालयातलं महत्त्वाचं काम आठवलं. धर्मपालनं वर जाऊन खिळ्यावरचा पट्टा काढला, कमरेला आवळला, आणि मोबाईल घेऊन डब्यात उभा राहिला.

डबा वर गेला. गुडघे दुखायचे थांबले. अंगात वारा भरला. खाली माणसं लहान झाली, जशी त्याला आवडायची तशी. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की तालुक्यातली सगळी घरं वरून पाहिली पण आपलं घर वरून कधी पाहिलं नव्हतं. समोरचे पोकळ खांब इथून दिसतच नव्हते. टाईल नाही, काच नाही. काळवंडलेला स्लॅब होता, आणि त्याच्या मधोमध त्याची टिनाची खोली. उन्हात चमकत होती. टिनांवर त्यानं ठेवलेले दगड, दोरीवर त्याचं धोतर, दारात पाण्याचा माठ. अख्ख्या घरात तेवढंच एक राहतं वाटत होतं. त्यानं तिला बरोबर मधे धरून फोटो काढले. एकामागोमाग अकरा. "काय झ्याक येऊन राहिला," असं तो वरून ओरडलासुद्धा. कोणाची स्तुती करायची त्याला सवय नव्हती, म्हणून आवाज चिरकला.

खाली नागसेन आणि प्रियदर्शनीनं टेबलावर मोबाईल ठेवून फोटो पाहिला. धर्मपाल कौतुकाची वाट पाहत उभा होता. म्हाताऱ्या माणसानं चाळीस फूट चढून काढलेला फोटो होता तो.

"बाबा," नागसेन म्हणाला, "हे टीन मधातच आलं न."

"मंग? हाये मधात, तर मधातच येईन."

"झोपडी दिसून राहिली घरावर. धोतर दिसून राहिलं. अश्विनभाऊच्या फोटूत असं काई नाई."

धर्मपालनं मोबाईल आपल्याकडं ओढला. तो म्हणाला, "अश्विनभाऊचा बाप मेला हाये. म्हणून नाई."

प्रियदर्शनी हळूच म्हणाली, "मामाजी, फक्त फोटूपुरतं काढू. मंग परत लावून देऊ."

फोटोपुरतं! हा शब्द धर्मपालला चांगला ओळखीचा होता. लग्नापुरती लाईन द्या, गणपतीपुरता आकडा टाकू द्या, मोटारीपुरतं जोडून द्या, असं त्यानं तेहतीस वर्षं ऐकलं होतं. पुरतं म्हणून लावलेलं कधी निघालं नव्हतं आणि पुरतं म्हणून काढलेलं कधी परत लागलं नव्हतं.

"नाई," तो म्हणाला. "माह्या खोलीले हात लावाचा नाई. नागसेन, तू तुह्या घराचा समोरून फोटू काढ. तू समोरूनच बांधलं हाये ते."

असं म्हणून तो वर गेला आणि दार लावून बसला. चार दिवस जेवण वरच मागवलं. पाचव्या दिवशी वरूडहून मुलीचा, दीक्षाचा फोन आला. तिच्या सासरी संत्र्याची बाग.

"बाबा, या न आठ दिवस. संत्रे पिकून गळून राहिले. पोट्टे आठवण करून राहिले तुमची."

"तुले नागसेननं सांगितलं का बलवाले?"

फोनवर दीक्षा उगाच पोरांना दटावायला लागली. मग म्हणाली, "नाई जी."

त्या "नाई जी"त काय होतं ते त्याला स्पष्ट कळलं. पोरीला खोटं बोलता यायचं नाही, आईवर गेली होती. तरी तो गेला. का गेला हे तो पुढंही कोणाला सांगू शकला नाही. नातवंडं आठवली असतील. आपला मुलगा आपल्याला इतका हलका समजणार नाही असंही कुठं तरी वाटलं असेल. एसटीत बसायच्या आधी त्यानं नागसेनला विचारलं, "माही खोली?"

"आहे न, बाबा. कुठं जाते?"

आठ दिवसांनी धर्मपाल संत्र्यांची पिशवी घेऊन परत आला. फाटक उघडलं, बूट काढले, आणि सरळ जिना चढून वर गेला. वर आकाश होतं. दोरीसुद्धा नव्हती. पिशवी हातात तशीच धरून तो खाली आला.

"टिनं कुठं हायेत?"

"भंगारवाल्याले दिले," नागसेन मोबाईलकडं पाहत म्हणाला. "गंजले होते बाबा. पावसात डोक्यावर पडले असते. तुमच्याच भल्यासाठी. जिन्याखाली मस्त जागा केली तुमाले. पंखाबी लावला."

जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या होत्या. त्यांच्या शेजारी खाट कशीबशी बसवलेली. खाटेखाली इंदूबाईची पेटी. पट्टा बॅटरीवर गुंडाळून ठेवलेला. धर्मपाल आता चांगला सणसणीत काही तरी बोलेल म्हणून प्रियदर्शनी स्वयंपाकघराच्या दारात जीव मुठीत धरून उभी होती. त्यानं संत्री तिच्या हातात दिली आणि वाकून आत शिरला. तेच तिला जास्त लागलं.

फोटो निघालाच होता. धर्मेंद्रनं पुन्हा गाडी आणली होती, काका कुठं गेले म्हणून विचारलं होतं, गावाला गेले असं उत्तर मिळालं होतं. यावेळी नागसेन स्वतः डब्यात चढला, वीस फुटांवर डोळे मिटले, चाळीसवर ते अर्धे उघडून चार वेळा बटण दाबलं आणि खाली येऊन ओकला. मोबाईलच्या चार बोटांच्या पडद्यावर घर सुटसुटीत दिसत होतं. स्लॅबला पांढरा रंग मारून घेऊ का, असं प्रियदर्शनी आधी म्हणाली होती. तेव्हा हा शहाणा म्हणाला होता, "वरून कोण पाहते?" घराचा वरून फोटो काढायला निघालेला माणूस हे म्हणाला! मग फ्रेमवाल्यानं तो दोन बाय तीन फुटांचा करून दिला, तेहतीसशे रुपये घेऊन, आणि वर छोटा दिवाही लावून दिला.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी अश्विन बायकोसह आला. पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्यायची होती. "जयभीम, जयभीम" झालं, पाणी झालं, आणि नागसेननं फ्रेमवरचा टॉवेल ओढला.

"वा!" अश्विन म्हणाला. उठून जवळ गेला, हात मागं बांधले, अधिकाऱ्यासारखा पाहत राहिला. "क्लिअर आहे हो एकदम." मग तो आणखी वाकला. "नागसेनभाऊ, हे मधात पांढरं काय आहे?"

आता ते सगळ्यांनाच दिसलं. मोबाईलवर दिसलं नव्हतं, पण दोन बाय तीन फुटांवर त्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. सगळा स्लॅब तीन पावसाळ्यांच्या शेवाळानं काळा, आणि त्याच्या मधोमध स्वच्छ, पांढरा, रेघ मारून कापल्यासारखा चौकोन. चार कोपऱ्यांवर बोल्टांची चार काळी भोकं. दर्शनी खांब, टाईल, निळी पट्टी, फोटोत त्यातलं काहीच नव्हतं. फोटो त्या चौकोनाचाच होता.

"टाकी होती तिथं," नागसेन घाईनं म्हणाला. "जुनी. काढली."

"चौकोनी टाकी? एवढी मोठी?" अश्विन हसला. "काय पोहायला जात होते का वर?"

जिन्याखालची खाट वाजली. धर्मपाल बाहेर आला. अश्विननं त्याला नमस्कार केला, तो त्यानं घेतला, आणि सरळ फ्रेमपाशी जाऊन उभा राहिला. चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग त्यानं काचेवर बोट ठेवलं.

"टाकी नाई, अश्विनबापू," तो म्हणाला. "इथं माही खाट होती. हे इकडं, इथं, इंदूची पेटी. रेडिओ इथं. अन् दार होतं ते या बाजूनं, उगवतीले. ते फोटूत समजत नाई." बोट त्या पांढऱ्या चौकोनाच्या कडेनं हळू फिरलं. "म्या राहत होतो इथं."

त्याच्या आवाजात नेहमीचा कडूपणा शोधून सापडत नव्हता. अश्विनची बायको धाकट्या बहिणीकडं पाहायला लागली, आणि प्रियदर्शनीनं पदर तोंडाशी नेला. अश्विननं पत्रिका उगाच उघडून वाचायला घेतली. नागसेन काही तरी बोलायचं म्हणून म्हणाला, "बाबा, मी तो रंग मारून घेतो उद्या. मंग नाई दिसत."

धर्मपालनं मुलाकडं पाहिलं. काचेवर आपल्या बोटाचा डाग पडला होता, तो त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसला. मग तो जिन्याकडं वळला. जिन्याखाली उभा माणूस मावत नाही. चाळीस फुटांवर कधी मान न झुकवलेला तो माणूस कमरेत वाकला आणि आत गेला.